कामाच्या ठिकाणची ‘वाजवी सोय’: एका हक्काची पार्श्वभूमी

दृष्टिहीन लिपिकासाठी मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, चाकाची खुर्ची वापरणाऱ्यासाठी तळमजल्यावरचे टेबल, उपचार चालू असलेल्याला वेळेची मुभा, अशा बदलांना ‘वाजवी सोय’ म्हटले जाते. अमेरिकेच्या नोकरीविषयक कायद्यात ही कल्पना १९७२ साली आली ती धर्माचरणाच्या संदर्भात. अपंगत्वाच्या बाबतीत ती रुजली १९७७ च्या नियमांतून. त्या नियमांवर सही व्हावी म्हणून अपंग कार्यकर्त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील सरकारी इमारतीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडले होते.

भारतात भर राहिला तो आरक्षणावर. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांत त्यांच्यासाठी किमान ३ टक्के जागा राखून ठेवल्या. त्याच कायद्याच्या कलम ४७ नुसार, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नसे. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर, तेही नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त निर्माण केलेल्या पदावर त्याला ठेवणे बंधनकारक होते. अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते म्हणून हे संरक्षण नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये पाय गमावलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात स्पष्ट केले. माझ्या मते या रचनेत मोठी उणीव होती: जो आधीपासून अपंग होता त्याला राखीव जागा मिळे, पण त्या जागेवर बसून काम करण्यासाठी काय लागते, हे विचारण्याचे बंधन कोणावरच नव्हते.

ती उणीव भरून निघू लागली ती अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारामुळे. भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली, आणि त्याला अनुसरून २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा झाला. अवाजवी बोजा पडत नसेल तर सोय द्यायची, आणि ती नाकारणे म्हणजेच भेदभाव, असे हा कायदा सांगतो. लोकसेवा परीक्षेत लेखनिक नाकारलेल्या एका उमेदवाराच्या प्रकरणात न्यायालयाने २०२१ मध्ये पुढे जाऊन म्हटले, की अपंगत्व ४० टक्क्यांहून कमी असले तरी हा हक्क लागू होतो.

मात्र २०१६ च्या कायद्याच्या कलम २० मधील सोय देण्याचे थेट बंधन सरकारी आस्थापनांपुरतेच आहे. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण तयार करावे लागते आणि सोयींचा तपशील त्यात द्यावा लागतो. सरकारी कार्यालयात भेदभावाच्या तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हावी, असे कलम २३ म्हणते. सोयीसाठी केलेल्या साध्या अर्जाचे उत्तर किती दिवसांत द्यायचे, याची मुदत मात्र कायद्याने घालून दिलेली नाही.