सॉना किती मोठा? ओगराळ्यानं मोजा

माझा भाचा फिनलंडमध्ये एस्पोला असतो. त्यांनी तिथं एक जुनं रो-हाऊस घेतलं आणि तळमजल्यावरचा मोडकळीला आलेला सॉना काढून नवा करायचं ठरवलं. व्हिडिओ कॉलवर त्यानं आराखडा दाखवला. अडीच मीटर बाय 2.2 मीटरची खोली, छत 2.4 मीटरवर आणि समोरची बहुतेक भिंत काचेची. "मामा, सहा जण आरामात बसतील. भारतातून कुणी आलं तर?"

'पाहुणे आले तर' हा निकष ताटांना ठीक आहे, इडलीपात्रालाही ठीक आहे. सॉन्याला तो लावला की फसगत होते, कारण सॉन्याची खोली हा बसायचा हॉल नसून एक भांडं आहे. त्यात काय शिजतं ते आधी समजून घेऊ.

आपल्याकडे जिममधल्या वाफेनं कोंदलेल्या खोलीलाही सर्रास सॉना म्हणतात. ती स्टीम रूम. तिथं तापमान जेमतेम 40-45 अंश असतं आणि हवा बाष्पानं पूर्ण भरलेली असते. फिनिश सॉना 80-90 अंशांवर तापतो, पण त्यातली सापेक्ष आर्द्रता दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपासच राहते. साधारण 55 लाख लोकसंख्येच्या देशात असे 33 लाख सॉने आहेत, आणि 2020 साली युनेस्कोनं या संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. खोलीत लाकडी बाकं, कोपऱ्यात दगडांनी भरलेली शेगडी, शेजारी पाण्याची बादली आणि एक लांब दांड्याचं ओगराळं. दगडांवर पाणी टाकल्यावर जी वाफेची लाट येते तिला फिनिश लोक 'लोयलू' म्हणतात. या शब्दाचा मूळ अर्थ प्राण, श्वास असा होता. सॉना या लाटेसाठीच बांधायचा असतो, बाकी सगळा लवाजमा.

आता माझ्या आवडीचा भाग. 80 अंशांच्या हवेत माणूस भाजत कसा नाही? 1770 च्या दशकात लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डन आणि त्याचे सहकारी शंभर अंशांच्याही वर तापवलेल्या खोलीत काही मिनिटं थांबले. त्याच खोलीत ठेवलेली अंडी आणि मांसाचा तुकडा शिजला, हे लोक मात्र चालत बाहेर आले. गुपित घामात आहे. घाम वाळताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या मे महिन्यात वाळ्याची ताटी काम करते आणि मुंबईत तीच ताटी नुसती ओली राहते, त्याचं कारणही हेच: कोरड्या हवेत पाणी पटकन उडतं, दमट हवेत उडत नाही.

दगडांवर पाणी पडेपर्यंत सॉना म्हणजे नागपूरच, फक्त चाळीस अंशांनी जास्त गरम. दगडांवर ओगराळं रितं केलं की हवेतलं बाष्प वाढू लागतं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, तुमच्या त्वचेच्या तापमानाच्या वर जातो, आणि मग खेळच उलटतो. घाम उडणं थांबतं आणि हवेतलं बाष्प उलट त्वचेवर येऊन पाणी होतं. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर बाहेरून थेंब जमतात ना, तशी इथं ती गार बाटली म्हणजे तुम्ही. एक ग्रॅम बाष्पाचं पाणी होताना सुमारे 2,400 ज्यूल उष्णता सुटते, म्हणजे 57 ग्रॅम पाणी दहा अंशांनी तापवण्याइतकी. तापल्या ओव्हनच्या हवेत क्षणभर हात गेला तर चालतो, पण इडलीपात्राचं झाकण उचलताना वाफ लागली की चटका बसतो, तो यामुळे.

ही मर्यादा आकड्यात काढता येते. त्वचा 37 अंशांवर धरू (प्रत्यक्षात ती सॉन्यात दोन-तीन अंशांनी वर जाते). या तापमानाला पाण्याचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे हवेत मावेल तेवढ्या बाष्पाचा दाब, सुमारे 6.3 किलोपास्कल असतो. 80 अंशांच्या हवेत बाष्पाचा दाब इतका व्हायला दर घनमीटरमागे साधारण 38 ग्रॅम पाणी लागतं. त्या तापमानाला ही सापेक्ष आर्द्रता भरते फक्त तेरा टक्के. 'दहा-पंधरा टक्के' हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असा नेमका भौतिकशास्त्राच्या उंबऱ्यावर येऊन बसतो, याचं मला अजून नवल वाटतं. आकड्यांनी डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: घनमीटरला 38 ग्रॅम.

आता खोल्या मोजू. 1.7 बाय 1.7 मीटर आणि उंची 2.1 मीटर, अशी छोटी खोली सहा घनमीटरची. तिला 230 ग्रॅम पाणी पुरेल, म्हणजे दोन ओगराळी आणि वर थोडं. भाच्याचा आराखडा 13 घनमीटरचा, त्याला अर्धा लिटर. काही वाफ लाकूड पिणार, काही झरोक्यातून जाणार, म्हणजे खरं तर जास्तच.

पाणी टाकायला कष्ट नाहीत, पण त्याची वाफ करणार कोण? 230 ग्रॅम पाणी उकळून उडवायला सुमारे 600 किलोज्यूल लागतात. सहा किलोवॅटच्या शेगडीला त्यासाठी शंभर सेकंद हवेत. लाट मात्र काही सेकंदांतच यावी लागते, त्यामुळे ही उष्णता दगडांनी आधीच साठवलेली असावी लागते. वीस किलो दगड असतील तर एवढ्या पाण्यानं ते साधारण 35 अंशांनी उतरतात, ते परवडतं. अर्ध्या लिटरला 75 अंशांनी उतरतील, मग दुसऱ्या खेपेला वाफेऐवजी फुसफुस. मोठ्या खोलीला म्हणून मोठी शेगडी आणि दुप्पट-तिप्पट दगड लागतात.

दगडांवरून आठवलं. तिथं ऑलिव्हिन डायबेस नावाचा खडक वापरतात, तो रचनेनं आपल्या सह्याद्रीच्या बसाल्टचा सख्खा भाऊ. भाच्याला गावच्या ओढ्यातला एक दगड आठवण म्हणून शेगडीत ठेवायचा होता. त्यात पांढरे चमकदार खडे होते. ते झिओलाइट. त्यांच्या स्फटिकांतच पाणी अडकलेलं असतं आणि तापवलं की ते बाहेर पडतं. 1756 साली क्रोनस्टेट या स्वीडिश खनिजशास्त्रज्ञानं हे नाव दिलं, त्याचा अर्थच 'उकळणारा दगड'. असा दगड शेगडीत तडकू शकतो. तो शोकेसमध्येच बरा.

काचेचं गणित वेगळं. शेगडीचा साधा हिशेब घनमीटरला एक किलोवॅट. पण उष्णतारोधक नसलेल्या काचेच्या किंवा दगडी भिंतीच्या दर चौरस मीटरमागे 1.2 घनमीटर जास्त धरायचे. भाच्याची काच साडेचार चौरस मीटरची, म्हणजे त्याची तेराची खोली शेगडीच्या हिशेबात अठरावर गेली. घराला तीन फेजचे 25 अँपिअरचे फ्यूज असतील, तर सगळ्या घराला मिळून वीज येते जेमतेम 17 किलोवॅट. एका काचेपायी शेगडी सगळं घर खाणार!

मग लहान म्हणजे किती लहान? तीन घनमीटरच्या खुराड्यात एका ओगराळ्यानंच थोबाडीत बसते आणि शेगडीची धगही अंगाला भिडते. माझ्या मते जमिनीवरची जागा कमी करा, पण उंची करू नका. गरम हवा छताखाली साठते, त्यामुळे एकाच खोलीत डोक्यापाशी 90 आणि पायापाशी 40 असा प्रकार होतो. तिथले दर्दी म्हणतात, पाय दगडांच्या पातळीला किंवा वर असावेत. वरचं बाक छताखाली 1.1 ते 1.2 मीटरवर आणि प्रत्येकाला 60 सेंटिमीटर रुंदी, एवढं धरून खोली आखावी.

'घामावाटे विषारी द्रव्यं बाहेर पडतात' हे व्हॉट्सॲपी ज्ञान मात्र या हिशेबात कुठंही येत नाही. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि मीठ, सफाईचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. सॉन्यातून निघाल्यावर कमी झालेलं वजन दोन पेले पाण्यानं परत येतं. आणि जास्त सोसलं म्हणजे जास्त फायदा, हेही नाही. फिनलंडमधल्या हेइनोला गावात सॉना सोसण्याची जागतिक स्पर्धा भरायची. 2010 मध्ये तिथं 110 अंशांवर दर 30 सेकंदांनी अर्धा लिटर पाणी पडत होतं. अंतिम फेरीतले दोघेही कोसळले, त्यातला एक दगावला. स्पर्धा बंद झाली.

भाच्यानं शेवटी 1.8 बाय 1.6 मीटर आणि उंची 2.4, अशी सात घनमीटरची खोली केली. काच फक्त दाराला. 1.8 मीटरच्या बाकावर तिघं बसतात, एकटा असला तर तो आडवाही होतो. वाचलेल्या जागेत भाचेसुनेनं बॅगांसाठी आणि लोणच्याच्या बरण्यांसाठी फळ्या मारून घेतल्या. मेमध्ये तिचे आईवडील गेले होते, ते दोन पाळ्यांत बसले. दुसऱ्या ओगराळ्याला तिचे वडील काही न बोलता खालच्या बाकावर उतरले.