डीसीआयएम नावाच्या फोल्डरची कुळकथा

फोन केबलने लॅपटॉपला जोडला की फोल्डरांची जी रांग उघडते, तिच्यात ‘डीसीआयएम’ असतोच. फोन सॅमसंगचा असो, शाओमीचा असो, नाहीतर आयफोन. कॅमेरा निकॉनचा असला तरी तेच. कालपरवापर्यंत एकमेकांच्या चार्जरशीही जमवून न घेणाऱ्या या कंपन्यांच्या यंत्रांत एकाच नावाचा फोल्डर निघतो, तो काही योगायोगाने नाही. डिसेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या एका नियमावलीने तो तिथे बसवला आहे. डिजिटल फोटोग्राफीचा इतिहास म्हटलं की मेगापिक्सेल, लेन्स आणि बुडालेल्या कोडॅकच्या गोष्टी निघतात. त्यातली बहुतेक यंत्रं केव्हाच भंगारात गेली. त्या काळातल्या रुक्ष, कंटाळवाण्या नियमावल्या मात्र टिकल्या, आणि आजचा लाखभर रुपयांचा फोनही फोटो काढताना त्यांच्याच शिस्तीत वागतो.

१९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने जुळवलेला डिजिटल कॅमेरा ०.०१ मेगापिक्सेलचा होता आणि एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरवायला २३ सेकंद घ्यायचा. ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली आहे की तिच्यावर आणखी शाई खर्चायला नको. आपला संबंध त्यापुढच्या प्रश्नाशी आहे. काढलेला फोटो ठेवायचा कशावर आणि दुसऱ्या यंत्राने तो वाचायचा कसा? १९८८ मध्ये फुजीने डीएस-१पी हा कॅमेरा दाखवला, त्यात फोटो काढता-घालता येणाऱ्या मेमरी कार्डावर उतरत. १९९५ मध्ये कॅसिओचा क्यूव्ही-१० आला. पाठीवर छोटासा रंगीत पडदा आणि पोटात ३२० बाय २४० ठिपक्यांचे ९६ फोटो. लोकांना तो आवडला. पण फोटो बाहेर काढायचे तर केबल कॅसिओची, सॉफ्टवेअर कॅसिओचं आणि फाइलचा प्रकारही कॅसिओचाच.

कार्डांचं तर विचारूच नका. सॅनडिस्कचं कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ चं, तोशिबाचं स्मार्टमीडिया १९९५ चं, सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची. १९९९ मध्ये सॅनडिस्क, मात्सुशिता आणि तोशिबा यांनी मिळून एसडी कार्ड काढलं, तरी २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजीने एक्सडी नावाचा आणखी एक तुकडा बाजारात आणलाच. प्रत्येकाची खाच वेगळी. आपल्याकडच्या कलर लॅबच्या काउंटरवर अनेक खाचा असलेला तो कार्ड रीडर याच भांडणाची देणगी.

फोटोच्या आतला मजकूर कसा लिहायचा, हे कोडं मात्र तोवर सुटलं होतं, आणि त्यात एका बेंगळुरूच्या माणसाचा हात आहे. नासिर अहमद अमेरिकेतल्या कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिकवत. १९७२ मध्ये त्यांना डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, म्हणजे डीसीटी या गणिती पद्धतीची कल्पना सुचली. नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे त्यांनी निधी मागितला, तो नाकारला गेला. तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत त्यांनी काम पुरं केलं आणि जानेवारी १९७४ मध्ये निबंध छापला. निधी नाकारलेली ती कल्पना आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत आणि व्हिडिओत आहे.

डीसीटी करतं काय? फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनातल्या ६४ ठिपक्यांची उजळता नुसती मांडण्याऐवजी, त्यात हळूहळू बदलणारा भाग किती आणि भराभर बदलणारा बारकावा किती, असे ६४ आकडे काढायचे. इथपर्यंत काहीच हरवत नाही. मग बारकाव्याचे आकडे ढोबळ करायचे, त्यातले पुष्कळसे शून्य होतात, आणि फाइल आटते. डोळ्याला रंगातल्या बदलापेक्षा उजेडातला बदल जास्त कळतो, म्हणून रंगाची माहिती आणखी कमी ठेवली तरी भागतं. १९८६ मध्ये जमलेल्या जॉइंट फोटोग्राफिक एक्स्पर्ट्स ग्रुपने याच पायावर १९९२ मध्ये मानक मंजूर करून घेतलं. तेच जेपीईजी.

ही युक्ती कुठे तोकडी पडते ते रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर दिसतं. निळं आकाश किंवा चेहरा ढोबळ केला तरी खपून जातो, पण अक्षराची कड म्हणजे निव्वळ बारकावा. ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं चित्र जितक्या वेळा नव्याने दाबलं जातं, तितकी शिरोरेषेच्या भोवती करड्या ठिपक्यांची कुसळं वाढत जातात, आणि एका टप्प्यावर ते आठ बाय आठचे चौकोनच उघडे पडतात. फोटोसाठी बनवलेल्या पद्धतीत आपण पाटी रंगवतो, त्याला जेपीईजी तरी काय करणार!

हे मानक सगळ्यांना मोकळं होतं, पण वादातून सुटलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या फोर्जंट नावाच्या कंपनीने आपल्या जुन्या पेटंटात जेपीईजीतला एक भाग येतो असा दावा ठोकला आणि कॅमेरा व संगणक कंपन्यांकडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम गोळा केली. २००६ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने फेरतपासणीत त्यातले बरेच दावे अमान्य ठरवले, आणि प्रकरण थंडावलं. तोवर जेपीईजीला हलवणं कुणाच्याच हातात राहिलं नव्हतं.

आता मूळ फोल्डराकडे. जेपीईजी चित्र कसं दाबायचं ते सांगतं. ते कधी काढलं, कुठल्या कॅमेऱ्याने, शटर किती वेळ उघडं होतं, याबद्दल ते गप्प आहे. ती जागा भरली जपान इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्री डेव्हलपमेंट असोसिएशन या उद्योगसंघटनेने. १९९५ मध्ये तिने एक्झिफ हे मानक काढलं: फाइलच्या सुरुवातीलाच एक छोटा कप्पा, जास्तीत जास्त ६४ केबीचा, आणि त्यात तारीख, कॅमेऱ्याचं नाव, शटर, छिद्र, फ्लॅश चालला की नाही, शिवाय फोटोची एक चिमुकली प्रत. तीन वर्षांनी त्याच संघटनेने ‘डिझाइन रूल फॉर कॅमेरा फाइल सिस्टम’, म्हणजे डीसीएफ ठरवलं. कॅमेरा बनवणाऱ्या बड्या कंपन्या बहुतेक जपानीच होत्या, म्हणून हे जमलं असं मला वाटतं. तीन खंडांतल्या कंपन्यांना एका टेबलाशी बसवायला लागलं असतं, तर कार्डांसारखी याचीही दहा भावंडं निघाली असती.

डीसीएफचा नियम वाचला की कॅमेऱ्यांची ती विचित्र नावं उलगडतात. कार्डावर डीसीआयएम, म्हणजे ‘डिजिटल कॅमेरा इमेजेस’ हा फोल्डर हवा. त्याच्या पोटातल्या फोल्डरांची नावं आठ अक्षरांची: आधी १०० ते ९९९ मधला आकडा, मग कंपनीच्या मर्जीची पाच अक्षरं. त्यातून ‘१००कॅनन’ आलं, आयफोनचं ‘१००ॲपल’ आलं. सोनीच्या ‘१००एमएसडीसीएफ’मध्ये तर नियमावलीचं नावच शेपटाला आहे. फाइलचं नावही आठ अक्षरांचं, चार अक्षरं कंपनीची आणि ०००१ ते ९९९९ असे चार आकडे. आठच का? कारण कार्डावरची रचना एमएस-डॉस या जुन्या संगणक प्रणालीच्या घराण्यातली, आणि डॉसमध्ये फाइलचं नाव आठ अक्षरांचं आणि टिंबानंतरचं शेपूट तीन अक्षरांचं.

या चार अक्षरांच्या खोलीत ज्याने त्याने आपला संसार थाटला. कॅननने ‘आयएमजी_’ घेतलं, निकॉनने ‘डीएससी_’. ऑलिंपसची कसरत मला सगळ्यांत आवडते. त्यांना नावातच तारीख हवी होती. पहिलं अक्षर ‘पी’, पुढचं एक महिन्यासाठी, उरलेली दोन दिवसासाठी. महिने बारा आणि जागा एकाच अक्षराची, म्हणून सप्टेंबरपर्यंत आकडे, मग ऑक्टोबरला ए, नोव्हेंबरला बी, डिसेंबरला सी. ‘पीए१५००१२’ म्हणजे १५ ऑक्टोबरचा फोटो. वर्षाला जागाच उरली नाही.

नियमाचा फायदा असा झाला की एका कंपनीच्या कॅमेऱ्यातलं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या प्रिंटरला, टीव्हीला, लॅबच्या यंत्राला वाचता येऊ लागलं. जुन्या कार्डात ‘एमआयएससी’ नावाचा एक फोल्डर दिसायचा, तोही याच काळातला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो निवडून ‘याच्या दोन प्रती’ असं नोंदवलं की ती मागणी तिथल्या एका फाइलमध्ये उतरायची आणि लॅबचं यंत्र ती वाचून छापायचं. डीपीओएफ असं त्या सोयीचं नाव. लोकांनी ती फारशी वापरली नाही. काउंटरवर तोंडी सांगणंच सगळ्यांना सोपं वाटत असावं.

तोटेही नियमातूनच आले. ९९९९ नंतर मोजणी पुन्हा ०००१ वर येते. दोन कार्डांतले फोटो एकाच फोल्डरात ओतताना ‘या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?’ असं संगणक विचारतो, आणि घाईत ‘हो’ दाबून कितीतरी बारशी-मुंजी पुसल्या गेल्या असतील. हौसेने कार्डावरच नाव बदलून ‘आजीचा वाढदिवस’ केलं, तर ते नियमात बसत नाही म्हणून कॅमेरा तो फोटो दाखवायलाच नकार देतो.

एक्झिफमधली मोठी चूक वेळेची. त्यात तारीख आणि घड्याळ होतं, पण ते घड्याळ कुठल्या देशातलं, हे लिहायला रकाना नव्हता. पुण्यातल्या आईवडिलांचे आणि न्यू जर्सीतल्या मुलाचे फोटो एका अल्बममध्ये टाकले की क्रम बिघडतो तो यामुळे. टाइम झोनचा रकाना आला २०१६ च्या २.३१ या आवृत्तीत. गुगलच्या पिक्सेल फोनने भलताच मार्ग धरला आहे. त्याच्या फाइलच्या नावातली वेळ ग्रीनिचची असते, त्यामुळे भारतात पहाटे चारला काढलेल्या काकड आरतीच्या फोटोच्या नावात आदल्या दिवसाची तारीख दिसते.

दुसरी अडचण लिपीची. छायाचित्रकाराचं नाव, फोटोचं वर्णन, हक्क, हे सगळे रकाने फक्त रोमन अक्षरांचे होते. शेरा लिहायच्या एका रकान्याला तेवढी सूट. वर्णनात देवनागरी कोंबली तर काही सॉफ्टवेअरांत प्रश्नचिन्हांची रांग उमटायची. एक्झिफ ३.० मध्ये सगळ्या लिप्या लिहू देणारी यूटीएफ-८ ही पद्धत आली तेव्हा २०२३ साल उजाडलं होतं. गंमत म्हणजे नियम जपान्यांनी केलेला, आणि त्यांची स्वतःची लिपीही इतकी वर्षं बाहेरच उभी.

स्वस्त, खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचा धंदा २०१० मध्ये शिखरावर होता. कॅमेरा उत्पादकांच्या सीआयपीए या जपानी संघटनेच्या आकड्यांप्रमाणे त्या वर्षी १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून निघाले. २०२० मध्ये हा आकडा ९० लाखांच्या आत आला होता. कॅमेरा फोनमध्ये शिरला आणि फोनने डीसीआयएमही सोबत घेतला, कारण संगणकातली सगळी सॉफ्टवेअरं फोटो शोधायला तिथेच जात. अँड्रॉइडने आठ अक्षरांचं बंधन सोडून नावात पूर्ण तारीख लिहायला सुरुवात केली. एक्झिफमध्ये अक्षांश-रेखांशाचे रकाने आधीपासून होते. साध्या कॅमेऱ्यांत ते बहुधा रिकामेच असत, फोनने ते भरायला घेतले. त्याचा फटका डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकॅफीला बसला. पोलिसांना चुकवत फिरणाऱ्या या उद्योजकाचा एका नियतकालिकाने संकेतस्थळावर टाकलेला फोटो आयफोनचा होता, आणि त्यातून तो ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं.

व्हॉट्सॲप ही माहिती पुसून टाकतं. खाजगीपणासाठी ते बरंच आहे, पण त्याबरोबर फोटो काढल्याची तारीखही जाते. नावात ‘डब्ल्यूए’ असलेल्या फाइलवर व्हॉट्सॲपने टाकलेली तारीख असते, म्हणून मामाने आज धाडलेला दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाचा फोटो गॅलरीत आजच्या फोटोंत जाऊन बसतो. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल एक्झिफसकट जशीच्या तशी पोचते. घरच्या कार्यक्रमाचे फोटो जमवणाऱ्याने सगळ्यांना एवढं तरी सांगून ठेवावं.

जेपीईजीला बाजूला सारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०१७ मध्ये ॲपलने आयओएस ११ पासून आयफोनचे फोटो एचईआयसी प्रकारात साठवायला सुरुवात केली. साधारण निम्म्या जागेत तेवढाच दर्जा. तंत्र चांगलं, पण बाहेरच्या जगाची तयारी नव्हती. मे २०२० मध्ये अमेरिकेत शाळकरी मुलांच्या एपी नावाच्या कॉलेज-पातळीच्या परीक्षा घरून झाल्या तेव्हा उत्तरपत्रिकांचे आयफोनने काढलेले फोटो पोर्टलने स्वीकारले नाहीत आणि काही मुलांना परीक्षा पुन्हा द्यावी लागली. आपल्याकडे बँकांच्या भरतीच्या ऑनलाइन अर्जात फोटो जेपीजीच लागतो, तोही २० ते ५० केबीचा, आणि सही १० ते २० केबीची. तो आकडा गाठून देणं हे सायबर कॅफेवाल्यांचं एक कामच होऊन बसलं. गुगलने २०२२ मध्ये जेपीईजी एक्सएल या दुसऱ्या वारसदाराचा पाठिंबा क्रोममधून काढून घ्यायचं ठरवलं.

२०२३ मध्ये अँड्रॉइड १४ बरोबर आलेल्या अल्ट्रा एचडीआरने मग वेगळी वाट धरली. उन्हाची तिरीप किंवा दिव्याचा झगझगाट दाखवायला लागणारी जादा माहिती त्यात जेपीईजी फाइलच्याच मागे जोडलेली असते. नवा पडदा ती वाचतो, जुना ती सोडून देऊन साधा फोटो दाखवतो, आणि फाइल डीसीआयएममध्ये जेपीजी म्हणूनच पडते.