अ‍ॅम्प्लिफायर शेवटी चालू, सर्वांत आधी बंद : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच स्पीकरांत मुळात स्पीकरचा दोष नसतो. हॉर्नच्या ड्रायव्हरचा (कर्ण्यामागे आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) डायाफ्राम, म्हणजे कंप पावणारा पातळ पडदा, तडकलेला असतो किंवा त्याला हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे व्हॉइस कॉइल, तुटलेली असते, आणि चौकशी केल्यावर कळते की मिक्सर, प्रीअ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी सिग्नल तयार करणारे यंत्र) आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असून कार्यक्रम संपला की भिंतीवरचा एकच स्विच बंद केला जातो. सभागृहे, मंदिरे, भजनी मंडळे आणि घरी संगीत ऐकणारे अशा सर्वांकडे हेच घडत असल्यामुळे हे पत्रक काढावे लागले.

क्रम बहुतेकांना ठाऊक असतो. आधी मिक्सर किंवा प्रीअ‍ॅम्प चालू करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि शेवटी अ‍ॅम्प्लिफायर चालू करावा. प्रीअ‍ॅम्प व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांचा) असल्यास दोन-तीन मिनिटे थांबणे बरे. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर आधी. मात्र तो बंद केल्यावरही आतल्या फिल्टर कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर काही सेकंद आवाज देत राहतो, म्हणून त्याचा आवाज पूर्ण विरेपर्यंत मिक्सरला हात लावू नये.

‘पण आम्ही मास्टर फेडर शून्यावर ठेवला होता,’ म्हणजे मिक्सरचा मुख्य आवाज कमी-जास्त करणारा सरकता नॉब खाली होता, हे उत्तर आम्ही नेहमी ऐकतो, आणि खरी गफलत इथेच आहे. मिक्सरला वीज मिळताना किंवा तुटताना उठणारा धक्का बहुधा त्याच्या शेवटच्या, म्हणजे फेडरच्या पुढच्या, टप्प्यात निर्माण होतो, त्यामुळे फेडर खाली असला तरी तो बाहेर पडतोच. अ‍ॅम्प्लिफायरची सिग्नल मोठा करण्याची क्षमता (गेन) २६ डेसिबल धरली तर व्होल्टेज २० पट होते. म्हणजे एका व्होल्टचा धक्का २० व्होल्टचा होऊन ८ ओहमच्या स्पीकरवर क्षणभर ५० वॅट इतका पडतो. हॉर्नला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर असेल आणि मध्ये कपॅसिटर लावलेला नसेल, तर हा धक्का थेट डायाफ्रामवरच आदळतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या स्वतःच्या नॉब शून्यावर आणल्या तर मात्र उपयोग होतो.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये प्रोटेक्शन (स्पीकर वाचवणारी व्यवस्था) आहे, हा दुसरा युक्तिवाद. चालू होताना रिले (स्पीकर आपोआप जोडणारा आतला स्विच) जो उशीर करतो तो प्रामुख्याने त्याच अ‍ॅम्प्लिफायरच्या धक्क्यासाठी असतो. नंतर मिक्सरकडून आलेला क्षणिक धक्का त्याच्या दृष्टीने ढोलाच्या ठोक्यासारखाच एक सिग्नल असतो, आणि तो इमानेइतबारे मोठा करून पुढे पाठवला जातो.

लाइट गेल्यास सर्वप्रथम अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच बंद करावा, नाहीतर ती परत येताच सर्व यंत्रे एकदम चालू होतात.

अशा प्रकारे खराब झालेल्या ड्रायव्हरची आम्ही हमीत दुरुस्ती करीत नाही, याबद्दल काहींची नाराजी असते. परंतु आम्ही ड्रायव्हर ग्राहकासमोरच उघडतो आणि मीटर लावून दाखवतो : ८ ओहमचा धडधाकट ड्रायव्हर मीटरवर साधारण ६ ओहम दाखवतो, कॉइल तुटलेली असल्यास मीटर काहीच दाखवत नाही. डायाफ्रामची किंमत आमच्या हातात नसते. ग्राहकाने दर हंगामात तो विकत घ्यावा अशी आमचीही इच्छा नाही.

दोन वेगळे स्विच आणि त्यांवर १ व २ असे ठळक आकडे, एवढ्यानेही पुष्कळांचे काम भागते. जिथे यंत्रणा हाताळणारी माणसे बदलत राहतात, तिथे एका बटणावर सर्व यंत्रे क्रमाने चालू आणि उलट क्रमाने बंद करणारा टायमर-रिलेचा बोर्ड आम्ही यंत्रणा पाहून बसवून देतो. अचानक लाइट जाण्यावर या बोर्डाचा इलाज नाही. त्यासाठी मिक्सरपुरता लहान यूपीएस लावणे योग्य, आणि तोही आमच्याकडे मिळतो.

अ‍ॅम्प्लिफायर किंवा स्पीकर दुरुस्तीला आणताना शक्य असल्यास मिक्सर आणि नेहमीच्या वापरातला एक्स्टेंशन बोर्डही सोबत आणावा, म्हणजे दोष शोधण्यात तुमचा आणि आमचा वेळ वाचतो.