शीर फुगणं वेगळं, शिरेचं काम बिघडणं वेगळं

मायग्रेन म्हणजे काय हे सांगत बसत नाही. ज्याला आहे त्याला ठाऊक आहे: अर्धं डोकं ठणकतं, उजेड नको, कुकरची शिट्टी नको, उलटी होते, दार लावून अंधारात पडून राहावं लागतं. आपल्याच कर्नाटकात, बेंगळूरू आणि भोवतालच्या खेड्यांत झालेल्या पाहणीत वर्षभरात मायग्रेनचा त्रास झालेल्यांचं प्रमाण शेकडा 25 निघालं होतं. बेळगावात मेडिकलच्या काउंटरमागं बसणाऱ्याला हा आकडा सहज पटतो.

कंटाळा आलाय तो दोन वाक्यांचा. एक जुनं: "डोस्कं ठणकूलालंय अण्णा, शीर फुगलीया, ती बसायची गोळी द्या." दुसरं हल्ली मोबाईलवरून आलेलं: "मायग्रेनवाल्यांच्या रक्तवाहिन्या खराब असतात, पुढं लकवा मारतो." बोलणारा बहुधा एकच असतो आणि आपण एकच गोष्ट दोनदा सांगतोय असं त्याला वाटतं. पण पहिलं वाक्य रक्तवाहिनीच्या रुंदीबद्दल आहे आणि दुसरं तिच्या कामाबद्दल. पहिलं बरंचसं चूक आहे, दुसरं अर्धं खरं.

किरकोळ घोळ आधी उरकतो. बीपी थोडंफार वाढल्यानं डोकं दुखत नाही. 180/120 च्या पुढं गेलं तर दुखू शकतं, आणि तेव्हा मेडिकलात नव्हे, दवाखान्यात जायचं असतं. पित्ताचं म्हणाल तर उलटी झाल्यावर बरं वाटतं म्हणून दुखणं पोटातून आलं असं होत नाही. मळमळ हा मायग्रेनचाच भाग आहे. डोकेदुखीवरचा घरगुती उपाय म्हणून पहाटे दूध-जिलेबी खायची असेल तर खुशाल खा, मला त्यात पडायचं नाही.

आता रुंदीची गोष्ट. ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही, थेट विज्ञानातून आलेली आहे. न्यूयॉर्कचे डॉक्टर हॅरॉल्ड वुल्फ यांनी 1938 मध्ये सहकाऱ्यासोबत दाखवलं की रक्तवाहिन्या आकसवणारं अर्गोटामाइन हे औषध दिल्यावर कानशिलावरच्या धमनीचं उडणं कमी होतं आणि त्याबरोबर दुखणंही उतरतं. त्यावरून सिद्धांत उभा राहिला: आधी रक्तवाहिन्या आकसतात तेव्हा डोळ्यांपुढं चमकतं, मग त्या फुगतात आणि डोकं दुखतं. पुढची कित्येक वर्षं पुस्तकांत हेच शिकवलं गेलं. डॉक्टरांनी रुग्णांना सांगितलं, रुग्णांनी सुनांना सांगितलं. पुस्तकं बदलली, पण घराघरांत सांगितलेलं बदललं नाही.

बदलायची कारणं मात्र भक्कम होती. कोपनहेगनचे डोकेदुखीचे संशोधक येस ओलेसेन यांच्या गटानं झटका चालू असताना मेंदूतला रक्तपुरवठा मोजला. चमकणाऱ्या रेषांसह येणाऱ्या मायग्रेनमध्ये दुखणं सुरू झालं तेव्हा त्या भागातला रक्तपुरवठा अजून कमीच होता, वाढलेला नव्हता. पुढं एमआरआयनं धमन्यांचे व्यास मोजता येऊ लागले. 2013 मध्ये आपोआप उठलेल्या झटक्यांत मोजमाप झालं तेव्हा कवटीबाहेरच्या, म्हणजे ज्या कानशिलावर बोट ठेवून लोक "बघा, ही फुगलीया" म्हणतात त्या भागातल्या धमन्या रुंदावलेल्या आढळल्या नाहीत. कवटीच्या आतल्या थोड्याशा रुंदावल्या होत्या, इतकंच.

माझ्या मते सगळ्यात चोख पुरावा नायट्रोग्लिसरीनचा आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या असतात, त्याच जातीचं हे औषध. मायग्रेनच्या माणसाला ते शिरेतून दिलं की रक्तवाहिन्या लगेच रुंदावतात. खरा मायग्रेनचा झटका मात्र काही तासांनी येतो, आणि तोवर रक्तवाहिन्या पूर्ववत झालेल्या असतात. उलट व्हायग्रातल्या सिल्डेनाफिल या औषधानं मेंदूतली मोठी धमनी रुंदावली नाही तरी झटका आला. रुंदी आणि दुखणं यांची जोडी अशी दोन्ही बाजूंनी तुटली.

"मग ठणकतं ते काय?" हा प्रश्न हमखास येतो. ठणके आणि नाडीचे ठोके शेजारी ठेवून मोजले गेलेत. ते जुळत नाहीत, ठणके नाडीपेक्षा सावकाश पडतात. ठणका धमनीचा नाही, दुखण्याची खबर नेणाऱ्या मज्जातंतूंच्या जाळ्याचा आहे. चेहऱ्याच्या आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना नेणारा ट्रायजेमिनल मज्जातंतू तिथल्या रक्तवाहिन्यांभोवती पसरलेला असतो आणि झटक्यात सीजीआरपी नावाचं द्रव्य सोडतो. त्यानं रक्तवाहिन्या रुंदावतातही, पण ती या सगळ्यात वरवरची घडामोड. या द्रव्याला अडवणारी औषधं 2018 पासून बाजारात आली. हा धागा उलगडल्याबद्दल ओलेसेन यांच्यासह चौघांना मेंदूविज्ञानातलं 2021 चं ब्रेन प्राइझ मिळालं.

डोक्याला रुमाल आवळून बांधण्याला माझा विरोध नाही, बरं वाटत असेल तर बांधा. विरोध आहे तो शीर फुगली का बघायला मानेचं डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी, करून घेण्याला. नेहमीच्या मायग्रेनमध्ये त्यातून काही कळत नाही, आणि त्या पैशात वर्षभराच्या गोळ्या येतात.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, म्हणजे रक्तवाहिन्यांचा संबंधच नाही. तेही चूक, आणि इथंच मोबाईलवरचं वाक्य अर्धं खरं ठरतं. पाट किती रुंद आहे ही एक गोष्ट. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा गडी जागा आहे की झोपलाय ही दुसरी. रक्तवाहिनीत तो गडी म्हणजे तिचं आतलं पातळ अस्तर, एंडोथेलियम. रक्त जोरात आलं की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल करतं. रक्त नको तिथं गोठू नये याचीही राखण करतं. नायट्रिक ऑक्साइडच्या या कामगिरीच्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालं. या कामाची परीक्षाही रुंदीच्या मोजमापासारखी नसते: दंडाला पट्टा आवळून साधारण पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग सोडायचं आणि धमनी किती सैलावते ते सोनोग्राफीत बघायचं. म्हणजे मोजायची ती रुंदी नव्हे, प्रतिसाद. आणि डोक्याची नव्हे, हाताची धमनी, तीही डोकं दुखत नसताना.

मायग्रेनच्या लोकांत हा प्रतिसाद काही अभ्यासांत मंद आढळला, काहींत अगदी नॉर्मल. "रक्तवाहिन्या खराब असतात" असं सरसकट म्हणायला त्यामुळं आधार नाही. पण संबंध आहे हे दुसऱ्या बाजूंनीही दिसतं. 2016 मध्ये मायग्रेनशी जोडलेल्या 38 जनुकीय जागा जाहीर झाल्या, तेव्हा त्यांतली बरीच जनुकं रक्तवाहिन्यांत आणि त्यांच्या स्नायूंत काम करणारी निघाली. आणि ऑरा असलेल्या मायग्रेनमध्ये रक्त अडून होणाऱ्या लकव्याचा धोका साधारण दुप्पट असतो, हे मोठमोठ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय.

ऑरा म्हणजे दुखण्याआधी डोळ्यांपुढं वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येणं, बोटांत मुंग्या सरकत वर जाणं. ब्राझीलचे शास्त्रज्ञ लेआँव यांनी 1944 मध्ये सशाच्या मेंदूत विद्युत हालचालींची जी लाट पाहिली, मिनिटाला दोन-पाच मिलिमीटर सरकणारी, तीच याच्या मुळाशी मानली जाते. म्हणून ऑरा मिनिटामिनिटानं पसरतो आणि सहसा तासाभरात जातो. एकदम तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडलं तर ऑराची वाट बघू नका, गाडी काढा.

"दुप्पट" ऐकून घाबरू नका. तरुणपणी मूळ धोकाच इतका कमी असतो की दुप्पट होऊनही तो कमीच राहतो. ज्यांना ऑरा नाही त्यांच्यात हा संबंध फिका पडतो. एवढ्यावरून कुणी स्वतःहून रोज ॲस्पिरिन, आपल्याकडच्या भाषेत "रक्त पातळ व्हायची गोळी", सुरू करतं तेव्हा माझं डोकं खरोखर उठतं. ती गोळी पोटात रक्तस्राव करू शकते. तिचा निर्णय काउंटरवर होत नाही. उलट डॉक्टरांनी प्रोप्रानोलॉल लिहिली की "मला बीपी न्हाई, ही बीपीची गोळी कशाला?" म्हणून परत करतात. तिथं ती बीपीसाठी नसते, झटक्यांची संख्या कमी करायला असते.

रुंदी खरोखर महत्त्वाची ठरते ती एका ठिकाणी: झटका उठल्यावर घ्यायच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या. सुमाट्रिप्टान दुखण्यावर काम करते ती मुख्यतः मज्जातंतूंवर, पण ती रक्तवाहिन्या आकसवतेही, हृदयाच्या धमन्यासुद्धा थोड्या. म्हणून ज्याला हार्ट अटॅक किंवा लकवा होऊन गेलाय त्याला ती देत नाहीत. शेजारच्या काकूंची उरलेली गोळी सासऱ्यांना देणाऱ्या घरांनी हे नीट वाचावं.

आणि ऑरा असेल तर धूर आधी सोडायचा, मग बिडी निपाणीची असो की सिगारेट कुठलीही. बाईला ऑरा असेल तर इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार वापरूच नये, तांबी चालते. त्या गोळ्या मागायला येणाऱ्या वहिनींना मी आधी एकच विचारतो, "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढं चमकतं का?" काहीजणी रागावतात. चमकतं म्हणाल्या तर पाकीट परत कपाटात जातं आणि मी त्यांना डॉक्टरीणबाईंकडं पाठवतो.