थरांच्या सुपरकंडक्टरमधले इलेक्ट्रॉन बँड : गणित कुठे अडलं

1986 मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्यूलर या भौतिकशास्त्रज्ञांना झ्युरिकजवळच्या आयबीएमच्या लॅबमध्ये लँथॅनम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये 30 केल्विनच्या आसपास सुपरकंडक्टिव्हिटी (विजेला अजिबात विरोध न होणं) सापडली, पुढच्याच वर्षी नोबेल मिळालं, सगळी चर्चा तापमानाची झाली. पण मला विचाराल तर खरा धक्का बँड थिअरीला बसला होता, म्हणजे पदार्थातल्या इलेक्ट्रॉनना कुठल्या ऊर्जांचे पट्टे (बँड) मिळतात आणि त्यावरून तो धातू की इन्सुलेटर हे सांगणाऱ्या गणिताला.

यातलं मूळ मटेरियल म्हणजे डोपिंग न केलेलं, म्हणजे बेरियमसारखी भेसळ न केलेलं, लँथॅनम कॉपर ऑक्साइड. प्रत्येक कॉपरमागे एक सुटा इलेक्ट्रॉन, म्हणजे बँड अर्धा भरलेला, म्हणजे हिशोबाने हा धातू असायला पाहिजे आणि 1987 मधली कॅल्क्युलेशन्स पण तेच सांगत होती, प्रत्यक्षात मात्र तो पक्का इन्सुलेटर निघतो. कारण एकाच कॉपरवर दोन इलेक्ट्रॉन आले की ते एकमेकांना इतक्या जोरात ढकलतात की सगळे आपापल्या जागी अडकून बसतात, आणि नेहमीच्या बँड गणितात हे ढकलणं फक्त सरासरीने धरलेलं असतं. निकेल ऑक्साइडमध्ये हीच अडचण 1937 लाच दिसली होती, पण तेव्हा सुपरकंडक्टिव्हिटीशी तिचा काही संबंध असेल असं कोणाला वाटायचं कारणच नव्हतं.

मग बँड मोजूनच बघायचे ठरलं. प्रकाश टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा आणि कोन मोजायची आर्पेस नावाची पद्धत आहे, तिला थरांचे मटेरियल फार सोयीचे, कारण बिस्मथवाले क्युप्रेट (असेच कॉपर ऑक्साइडचे सुपरकंडक्टर) थरांच्या मधून छान सपाट सुटतात आणि इलेक्ट्रॉनही मुख्यतः थरातच फिरतात. 1993 मध्ये स्टॅनफर्डच्या ग्रुपने दाखवलं की गॅप, म्हणजे सुपरकंडक्टरमधली इलेक्ट्रॉनची जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, सगळीकडे सारखी नाही, कॉपर-ऑक्सिजन बाँडच्या दिशेला मोठी आणि कर्णाच्या दिशेला जवळपास शून्य. डी-वेव्हच्या, म्हणजे गॅप दिशेनुसार बदलते आणि कर्णावर शून्य होते या कल्पनेच्या, बाजूने हा फार मोठा पुरावा होता.

2008 मध्ये जपानच्या होसोनोंच्या ग्रुपचं लोखंड-आर्सेनिकवालं सुपरकंडक्टर मटेरियल आलं, 26 केल्विनपर्यंत चालणारं. इथे मूळ मटेरियल धातूच, लोखंडाच्या अणूतली इलेक्ट्रॉन बसायची पाचही डी ऑर्बिटल सामील, फर्मी सरफेसचे (इलेक्ट्रॉनच्या मोमेंटमच्या नकाशावर भरलेल्या आणि रिकाम्या अवस्थांमधल्या सीमेचे) बरेच तुकडे, मध्ये होलचे (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागांचे) आणि कोपऱ्यात इलेक्ट्रॉनचे. बँडचा आकार गणिताने बऱ्यापैकी बरोबर दिला, फक्त रुंदी मोजली तर बरीच कमी भरली. इलेक्ट्रॉनच्या जोड्या या दोन प्रकारच्या तुकड्यांमधल्या देवाणघेवाणीतून बनतात असं चित्र मग लगेच रूढ झालं, पण 2012 मध्ये स्ट्रॉन्शियम टायटॅनेटवर वाढवलेल्या आयर्न सेलेनाइडच्या एकाच थरात आर्पेसला मधला होलचा तुकडा फर्मी लेव्हलवर (भरलेल्या अवस्थांच्या वरच्या हद्दीवर) दिसलाच नाही, तरी गॅप मात्र, जाड क्रिस्टल ज्या 8 केल्विनला सुपरकंडक्टर होतो त्यापेक्षा कितीतरी वरपर्यंत टिकली, म्हणजे ते चित्र इथे तरी बसेना.