नेमो दोन्हीकडे, कादंबरी एकीकडे

गेल्या जत्रेला वेंगुर्ल्याकडच्या आमच्या गावात दशावतार उभा राहायला मध्यरात्र उलटणार होती. पालखी अजून देवळाभोवती फिरत होती. खाज्याच्या दुकानामागे बसून भाचा मोबाइलवर ‘नादिया : द सीक्रेट ऑफ ब्लू वॉटर’ ही जुनी जपानी ॲनिमे मालिका बघत होता. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नची ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’, म्हणजे कॅप्टन नेमो आणि त्याच्या ‘नॉटिलस’ या पाणबुडीची कादंबरी, त्यानं मे महिन्याच्या सुट्टीत माझ्याकडे राहून वाचून काढली होती. मला बघून म्हणाला, “मामा, ह्यां त्याच पुस्तकावरसून केल्यानी मां? नेमो असा, नॉटिलस असा.”

मी म्हटलं, तसं नाही. मग त्यानं विचारलं, डिस्नेचा १९५४ सालचा सिनेमा तरी त्या पुस्तकाचाच ना? तो त्याचाच. “मगे ह्येचात नि त्येचात फरक काय?”

प्रश्न अगदी योग्य होता. रूपांतर आणि प्रेरणेतून उभी राहिलेली नवी कलाकृती यांची गल्लत आपल्याकडे सर्रास होते. जिथं ओळखीचं नाव दिसतं तिथं आपण ‘पुस्तकावरून केलंय’ म्हणतो, आणि मग पुस्तकाशी जुळलं नाही की चिडतो. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला समोरच्या मांडावरच, म्हणजे दशावताराच्या खेळाच्या जागेवरच, सापडलं.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कुठली भूमिका करायची ते ठरतं आणि संवाद नट जाग्यावर बांधतो. एका मंडळाची राजपार्टी, म्हणजे राजाची भूमिका करणारा नट, ज्या प्रसंगाला दहा मिनिटं देईल, तिथं दुसऱ्याची अर्धा तास रंगेल. तरीही पुढे गोणपाटावर बसलेल्या म्हाताऱ्यांना पहिल्या दोन प्रवेशांत कळतं की आख्यान कुठलं आहे. शब्द रोज बदलतात, पण कोणाचं कोणाशी वैर, कुठल्या वचनात कोण अडकला आणि शेवटी कुणाला काय सोडावं लागलं, ते हलत नाही. याला पौराणिक आख्यान म्हणतात. त्याच मांडावर काल्पनिक आख्यानंही होतात. त्यांतही शंकर येतो, नारद येतो, पण गोष्ट कुठल्याच पुराणात नसते. ती मंडळानं रचलेली असते, आणि ते कुणाला खटकत नाही, कारण लोक जाणतात की आज काल्पनिक आहे.

डिस्नेचा सिनेमा हे पौराणिक आख्यान आहे. ‘नादिया’ काल्पनिक.

हे नीट पटायचं तर कादंबरीचा कणा काय ते आधी बघायला हवं. ती १८६९ आणि १८७० साली पॅरिसच्या एका मासिकात क्रमशः आली. नावातल्या वीस हजार लीग म्हणजे पाण्याखाली कापलेलं अंतर. पुष्कळांना ती खोली वाटते. व्हर्नच्या हिशेबाची लीग चार किलोमीटरची धरली, तर हा प्रवास ऐंशी हजार किलोमीटरचा होतो, पृथ्वीला जवळजवळ दोन फेऱ्या. गोष्ट सांगतो प्राध्यापक आरोना. सोबत त्याचा नोकर कॉन्सेय आणि कॅनडाचा हार्पूनवाला नेड लँड. तिघं कॅप्टन नेमोच्या पाणबुडीत कैदी आहेत. आरोनाला कुणी न बघितलेला समुद्र बघायला मिळतोय, आणि नेड लँडला फक्त सुटायचंय. ज्ञानासाठी कैद सोसायची का, हा त्या दोघांमधला ताण आहे आणि त्याच्या मधोमध नेमो आहे. त्याच्याबद्दल आरोनाला आदर वाटतो, भीती वाटते, आणि पुरती ओळख शेवटपर्यंत होत नाही. मासे, प्रवाळ, बर्फ, म्हाकुलांशी (स्क्विडशी) झुंज हे सगळं या कण्याभोवतीचं मांस आहे.

रिचर्ड फ्लायशरनं दिग्दर्शित केलेल्या सिनेमात या मांसाची बरीच उलथापालथ झाली. कादंबरीतलं नॉटिलस विजेवर चालतं. सिनेमा मात्र अणुशक्तीकडे बोट दाखवतो, आणि अमेरिकेची ‘नॉटिलस’ याच नावाची खरी अणुपाणबुडी त्याच वर्षी जानेवारीत पाण्यात उतरली होती. कादंबरीत म्हाकुलांची टोळी येते, सिनेमात एकच अजस्र म्हाकूल. कादंबरीत नेमोचं काय झालं ते कळत नाही, सिनेमात तो मरतो. कर्क डग्लसच्या नेड लँडला गाणंसुद्धा आहे. एवढं करूनही ते रूपांतरच आहे, कारण आरोना तसाच तळमळतो, नेड तसाच सुटायला बघतो आणि जेम्स मेसनचा नेमो तसाच दोघांच्या आकलनापलीकडे राहतो. पुस्तक विचारतं तेच सिनेमा विचारतो.

त्या म्हाकुलाच्या प्रसंगाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण ट्रिकसीनच्या दशावतारावर वाढलेल्या माणसाला ते लगेच कळेल. तो प्रसंग आधी शांत समुद्रात, मावळत्या उन्हात चित्रित केला होता. म्हाकूल खोटं दिसायला लागलं. मग सगळं रद्द करून रात्र, वादळ आणि उसळत्या लाटा घेऊन तो पुन्हा केला. अंधारात आणि पाण्याच्या माऱ्यात यंत्र झाकलं गेलं आणि प्राणी उरला. आमच्याकडेही राक्षस प्रगट होताना धूर सोडतात आणि दिवे बारीक करतात ते याचसाठी. त्या सिनेमाला स्पेशल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं. पुस्तकात एका वाक्यात येणारी भीती पडद्यावर आणायला असं काही बदलावं लागतं, आणि हा बदल मूळ कादंबरीच्या सेवेतलाच असतो.

आता ‘नादिया’. जपानच्या एनएचके वाहिनीवर १९९० ते १९९१ या काळात तिचे ३९ भाग झाले. गायनॅक्स स्टुडिओ, दिग्दर्शक हिदेआकी आन्नो. मूळ कल्पना ॲनिमे दिग्दर्शक हायाओ मियाझाकींनी सत्तरच्या दशकात सुचवलेली होती. गोष्ट सुरू होते १८८९ सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात. सर्कशीतली मुलगी नादिया, तिच्या गळ्यात ‘ब्लू वॉटर’ नावाचा निळा खडा, यंत्रांचं वेड असलेला मुलगा जाँ, आणि खड्याच्या मागावर असलेले लोक. नेमो आणि नॉटिलस नंतर येतात. इथला नेमो प्राचीन अटलांटिसच्या वंशातला राजा आहे आणि पुढे कळतं की तो नादियाचा बाप आहे. आरोना नाही, नेड लँड नाही, ज्ञान की सुटका हा पेचही नाही. मालिकेला पडलेला प्रश्न वेगळाच आहे. आपण कोण, कुठून आलो, आणि आपल्या रक्तात विनाश असेल तर त्याचं काय करायचं?

मग तिनं व्हर्नकडून घेतलं काय? माझ्या मते मुख्यतः एक प्रकरण. कादंबरीत नेमो एका रात्री आरोनाला समुद्राच्या तळावरून चालवत नेतो, बुडालेलं शहर दाखवतो आणि काळ्या दगडावर एकच शब्द लिहितो, अटलांटिस. दोघं थोडा वेळ बघतात आणि परततात. व्हर्न पुढे त्याचं काही करत नाही. ‘नादिया’नं ते बी उचललं, नव्या जमिनीत लावलं, आणि झाड स्वतःचं वाढवलं. प्रेरणा म्हणतात ती हीच. मला ती मालिका मनापासून आवडते. तिला ‘चुकीचं रूपांतर’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

नाव सारखं असणं ही कसोटी होऊच शकत नाही, हे मराठी नाटकानं सव्वाशे वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘झुंझारराव’ १८९० सालचं, शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून केलेलं. त्यात ऑथेल्लो नाही, डेस्डिमोना नाही. आहेत ते झुंझारराव आणि कमळजा. नावं, गावं, पोशाख सगळं आपलं. तरी ते रूपांतरच आहे, कारण संशयाचा तोच फास त्याच क्रमानं आवळत जातो. नाव एकही नाही आणि नाटक पूर्ण आहे. ‘नादिया’त नावं आहेत आणि कादंबरी नाही. दोन्ही शेजारी ठेवली की माझ्यापुरता गोंधळ संपतो.

आणखी एक जोडी याहून बोलकी आहे. रॉबर्ट हाइनलाइनची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ ही १९५९ सालची कादंबरी. तिच्यातला सैनिक अंगावर एक यांत्रिक चिलखत चढवतो, त्यानं त्याची ताकद कैक पट वाढते. जपानी आवृत्तीत स्टुडिओ नूएच्या चित्रकारांनी ते चिलखत काढलं, आणि त्या चित्रांचा धागा १९७९ सालच्या ‘गंडम’ या यंत्रमानवांच्या जपानी ॲनिमे मालिकेपर्यंत गेला. पुढे १९९७ साली पॉल व्हरहोव्हननं कादंबरीच्याच नावानं सिनेमा केला, त्यात ते चिलखतच नाही. सिनेमा तर कादंबरीतल्या लष्करी आदर्शाची खिल्ली उडवतो. तरीही त्याला मी रूपांतर म्हणेन. तेच पात्र, तीच भरती, तेच प्रशिक्षण, तीच किड्यांशी लढाई. त्याचं भांडण मूळ पुस्तकाशीच आहे, पुस्तक काढून घेतलं तर भांडायला कुणी उरत नाही. ‘गंडम’ मात्र हाइनलाइन न वाचताही पुरतं उभं राहतं. रूपांतरानं मूळ लेखकाशी सहमत असलंच पाहिजे असं नाही, त्याच्याशी बोलत मात्र राहिलं पाहिजे.

सगळ्याच गोष्टी अशा सरळ दोन बाजूंना पडत नाहीत. मियाझाकींनी १९७८ साली ‘फ्यूचर बॉय कॉनन’ केली, २६ भागांची, अलेक्झांडर की यांच्या ‘द इन्क्रेडिबल टाइड’ या १९७० सालच्या कादंबरीवरून. जग समुद्राखाली गेलंय, एका बेटावर मुलगा आहे, इंडस्ट्रिया आणि हाय हार्बर ही ठिकाणं आहेत. पण मुलाचं वय कमी केलं आणि उदास, करड्या जगात पोरांची धाव, भूक आणि हसू भरलं. छोट्या कादंबरीचे २६ भाग करायचे तर निम्म्याहून अधिक घर स्वतः बांधावं लागतं. चौथरा मात्र जुना आहे, म्हणून मी त्याला रूपांतराच्या बाजूला ठेवतो. भाचा ठेवत नाही. त्याच्याकडेही कारणं आहेत, आणि ती वाईट नाहीत.

मांगाबद्दल, म्हणजे जपानी चित्रकथांबद्दल, एवढंच. पानावर वेळ वाचकाच्या हातात असते. समुद्राच्या तळाचं एक चित्र तो हवं तितका वेळ बघू शकतो. ॲनिमेत ती वेळ दिग्दर्शक ठरवतो. त्यामुळे एकाच कादंबरीची दोन्ही रूपांतरं प्रामाणिक असूनही एक शांत आणि दुसरं धावतं वाटू शकतं. त्यावरून कुणाला बेइमान ठरवू नये.

एका गोष्टीची मला खंत आहे. व्हर्नला नेमो आधी पोलिश करायचा होता, रशियावर सूड घेणारा. प्रकाशक हेत्झेलनं ते होऊ दिलं नाही, म्हणून या कादंबरीत त्याचा देश धूसर राहिला. पुढच्या ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये १८७५ सालापर्यंत उघड झालं की तो बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात लढलेला. पहिल्या पुस्तकातही खूण आहेच. सिलोनच्या मोत्यांच्या पट्ट्यात नेमो एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कच्या जबड्यातून सोडवतो, मोत्यांची थैली त्याच्या हातावर ठेवतो आणि आरोनाला सांगतो की पिचलेल्यांचा जो देश, तो माझा. तिथून नॉटिलस मालदीव आणि लक्षद्वीपच्या बेटांमधून ओमानच्या आखाताकडे जातं, म्हणजे आपल्याच समुद्रातून, कोकण उजव्या हाताला ठेवून. डिस्नेच्या सिनेमात हा भारतीय नेमो नाही. तो दिसला २००३ च्या ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन’मध्ये, नसीरुद्दीन शहांच्या रूपात. तो सिनेमा व्हर्नच्या कुठल्याच कादंबरीचं रूपांतर नाही, वेगवेगळ्या पुस्तकांतली पात्रं उचलून रचलेल्या कॉमिकवरून तो आला. कण्याशी इमान राखणाऱ्यानं माणूस गमावला आणि नुसती पात्रं उचलणाऱ्यानं तो जपला, असंही होतं.

हे सगळं ऐकून भाच्यानं वहीतली स्वतःची गोष्ट काढली. मालवणात रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना त्यात एक धातूचा पत्रा येतो, त्यावर ‘एन’ हे अक्षर. तांडेलाची, म्हणजे होडीच्या म्होरक्याची, मुलगी त्याचा माग काढत आंग्रे बँक या समुद्रातल्या बुडालेल्या पठारापर्यंत जाते, किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटर समुद्रात, जिथं पाण्याखाली प्रवाळ आहे. तिथं नॉटिलस पडलेलं आहे. त्याला तिचा मांगा काढायचाय. हे रूपांतर की प्रेरणा, आणि कुणी अडवेल का?

प्रेरणा, मी म्हटलं. आरोनाचा मत्स्यशास्त्राचा प्राध्यापक केलास, नेडचा मालवणी खलाशी केलास आणि त्यांना त्याच पेचात टाकलंस, तर नावं बदलूनही रूपांतर होईल. तुझ्या मुलीचा पेच तिचा स्वतःचा आहे. आणि अडवायचं म्हणशील तर आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. व्हर्न १९०५ साली गेला, तेव्हा त्याचा नेमो आणि त्याचं नॉटिलस आता सगळ्यांचं. १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नुसत्या कल्पनेवर कुणाचा हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो. त्या खटल्यात एका नाटककाराचं म्हणणं होतं की सिनेमानं त्याचं नाटक उचललं, आणि न्यायालयानं ते मान्य केलं नाही.

“म्हंजे नेमो घेवक हरकत नाय?”

नेमो घे. फक्त त्याला अटलांटिसचा राजा करू नकोस, त्याच्या मुलीच्या गळ्यात निळा खडा घालू नकोस. तो नेमो व्हर्नचा नाही, आन्नोंच्या मंडळींचा आहे, आणि त्यावर अजून कॉपीराइट आहे.

तेवढ्यात पखवाज वाजला. भाच्यानं पेन काढलं आणि मुलीच्या गळ्यातला निळा खडा खोडून तिथं शिंपला काढला.