नीलंड यांची व्यूहनीती

अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक रॉबर्ट नीलंड (1892–1962) यांनी रूढ केलेली खेळपद्धती. चेंडू ताब्यात असण्यापेक्षा तो मैदानात कुठे आहे याला अधिक मोल, हे तिचे सूत्र. हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. त्यात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावे लागते. न जमल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. म्हणून चौथ्या प्रयत्नाला बहुतेक संघ चेंडू लाथेने दूर धाडतात. याला ‘पंट’ म्हणतात.

नीलंड त्यासाठी चौथ्या प्रयत्नाची वाट पाहत नसत. स्वतःच्या गोलरेषेजवळ चेंडू बाळगणे त्यांना जोखमीचे वाटे: धावून मिळणार दोन-तीन यार्ड, आणि चेंडू निसटला तर गुण थेट समोरच्याच्या पदरात. त्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या प्रयत्नालाच, मागे चेंडू झेलायला कोणी उभे नसताना, तो चाळीस यार्ड लांब टोलवावा आणि मग बचावाच्या जोरावर प्रतिपक्षाला तिथेच कोंडून धरावे. चूक आपण करायची नाही, समोरच्याने करेपर्यंत थांबायचे. पण ती झाली की त्याच क्षणी गुण वसूल करायचे. खेळाडूंसाठी त्यांनी घालून दिलेल्या सात नियमांतला पहिलाच असा, की कमीत कमी चुका करणारा संघ जिंकतो.

ऑक्टोबर 1932 मध्ये बर्मिंगहॅम येथे अलाबामाविरुद्ध झालेला सामना हा या विचाराचा चोख नमुना. मुसळधार पावसात चेंडू हातात ठरेना. टेनेसीचा बीटी फेदर्स आणि अलाबामाचा जॉनी केन यांच्यात पंटची जुगलबंदीच लागली. बऱ्याचदा पहिल्याच प्रयत्नाला चेंडू टोलवला जाई. अलाबामाकडे 3–0 अशी आघाडी होती. अखेरच्या सत्रात गोलरेषेजवळ केनच्या हातून चेंडू सुटला, घाईने मारलेली लाथ आखूड पडली आणि फेदर्सने लगोलग गोलरेषा ओलांडली. टेनेसी 7–3 असा जिंकला. पाहणाऱ्याला असा खेळ रटाळ वाटला असणार, यात शंका नाही.

नीलंड वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे पदवीधर आणि पेशाने लष्करी अभियंता. 1926 ते 1952 या काळात, लष्करी सेवेमुळे दोनदा खंड पडूनही, त्यांनी 21 हंगाम संघ सांभाळला. दुसऱ्या महायुद्धात ते चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवर रसदीच्या कामावर होते. रसद आणि भूभाग यांचा हिशेब मांडणारी ही नजर त्यांच्या फुटबॉलमध्येही दिसते. 173 विजय, 31 पराभव, 12 बरोबरी ही त्यांची कारकीर्द. एकूण 216 सामन्यांपैकी 112 मध्ये प्रतिपक्षाला भोपळाही फोडता आला नाही. 1939 च्या नियमित हंगामात तर दहा सामन्यांत मिळून टेनेसीवर एकही गुण झाला नाही.

मात्र त्याच हंगामाअखेर ‘रोझ बोल’ या निमंत्रित संघांच्या सामन्यात सदर्न कॅलिफोर्नियाने त्यांना 14–0 असे हरवले. तोडीस तोड बचाव असलेला संघ चुकाच करेना, तेव्हा गुण आणायचे कुठून, याचे उत्तर या पद्धतीत नव्हते. 1940 च्या दशकात बहुतेक संघ आक्रमणाच्या ‘टी’ रचनेकडे (खेळाडू इंग्रजी T अक्षरासारखे उभे राहतात) वळले, तरी नीलंड ‘सिंगल विंग’ या जुन्या आक्रमण रचनेलाच चिकटून राहिले. त्याच रचनेवर 1951 मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. विजेतेपद ठरल्यानंतर खेळलेला ‘शुगर बोल’ हा तसाच निमंत्रित सामना मात्र मेरीलँडविरुद्ध 28–13 असा गमावला.